वायरिंगच्या पेटीत अलार्म पॅनेल : २८ इंची एन्क्लोजर आणि युनिव्हर्सल माउंटिंग प्लेटचे परीक्षण

घरभर फिरणाऱ्या इंटरनेट, टीव्ही आणि टेलिफोनच्या केबली जिथे एकत्र येतात ती भिंतीतली पेटी, म्हणजेच स्ट्रक्चर्ड वायरिंग एन्क्लोजर, एकदा घरात बसली की दारा-खिडक्यांच्या सेन्सरच्या वायरीही तिथेच आणाव्यात आणि अलार्मचे पॅनेल, म्हणजे त्याचा नियंत्रक बोर्डही तिथेच लावून टाकावा, असे घरमालकाला वाटू लागते. हा विचार रास्त आहे. लो-व्होल्टेजचे सगळे काम एका जागी आले की पुढची देखभाल सोपी होते, भिंतीवर दुसरा लोखंडी डबा दिसत नाही आणि पॅनेलपासून राउटरपर्यंत वेगळी केबल ओढावी लागत नाही. अडचण एकच आहे, पण ती मूलभूत आहे. वायरिंगची पेटी आत हात सहज पोहोचावा म्हणून बनवलेली असते आणि अलार्मचा डबा आत हात पोहोचू नये म्हणून बनवलेला असतो. या परीक्षणात मी २८ इंच उंचीची धातूची पेटी आणि तिच्यात निरनिराळ्या कंपन्यांचे बोर्ड बसवता यावेत म्हणून मिळणारी युनिव्हर्सल माउंटिंग प्लेट अशी जोडी घेतली आहे, आणि हा विरोध या जोडीने कितपत मिटतो हे मुख्यतः तपासले आहे.

आधी पेटीविषयी. या प्रकारच्या पेट्यांची रुंदी चौदा इंचांच्या आसपास असते, कारण लाकडी सांगाड्याच्या भिंतीत दोन उभ्या खांबांची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरे १६ इंचांची असतात आणि मधली मोकळी जागा साडेचौदा इंच उरते. खोली साडेतीन ते चार इंच असते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हीच पेटी खाच करून किंवा पृष्ठभागावर बसवावी लागते, आणि पृष्ठभागावर बसवायची असेल तर त्यासाठीची चौकट सोबत येते की नाही ते आधी पाहावे. पेटीच्या पाठीवर ठरावीक अंतराने छिद्रांची जाळी असते, आणि राउटर, स्विच, स्प्लिटर असे सगळे सामान प्लास्टिकच्या खटकीदार पिनांनी या जाळीत अडकते. लेव्हिटन आणि लेग्रँडची ऑन-क्यू श्रेणी ही या क्षेत्रातली ओळखीची नावे आहेत, पण एका कंपनीच्या जाळीतले अंतर दुसरीच्या जाळीशी जुळेलच असे नाही. म्हणून पेटी एकीची आणि प्लेट दुसरीची घेण्याआधी छिद्रांचे अंतर मोजणे हे सर्वांत पहिले काम आहे. अलार्म बनवणाऱ्यांपैकी एल्क कंपनीने आपल्या एम१ पॅनेलसाठी स्वतःच्याच १४ आणि २८ इंची पेट्या काढल्या, यावरून ही गरज किती जुनी आणि खरी आहे हे कळते.

मी पाहिलेल्या पेटीचा पत्रा जाड आहे, कडा दुमडलेल्या आहेत, आणि वरच्या-खालच्या बाजूंना केबल आत घेण्यासाठी ठोकून काढायची गोल झाकणे पुरेशी आहेत. अलार्मच्या दृष्टीने ही झाकणे महत्त्वाची ठरतात. आठ-दहा झोनच्या (झोन म्हणजे पॅनेलवर येणारी सेन्सरची एकेक स्वतंत्र जोडणी) वायरी, दोन कीपॅड, सायरन आणि ट्रान्सफॉर्मरची वायर यांना मिळून एक स्वतंत्र छिद्र द्यावे आणि नेटवर्कच्या केबलींना दुसरे, हे या पेटीत सहज जमते. छिद्राच्या धारदार कडेवर रबरी किंवा प्लास्टिकचा ग्रोमेट, म्हणजे संरक्षक कडे, मात्र हवाच. पेटीसोबत ग्रोमेट दोनच आले, बाकीचे वेगळे आणावे लागले. एवढ्या नेटक्या पेटीला ही काटकसर शोभत नाही.

आता प्लेट. माझ्या मते या जोडीतली खरी चांगली वस्तू हीच आहे. अलार्मचा बोर्ड थेट पेटीच्या पाठीवर बसवायचा तर पत्र्यात नवी छिद्रे पाडून सेल्फ-टॅपिंग स्क्रू घालावे लागतात. भिंतीत बसलेल्या पेटीत वाकून ड्रिल चालवणे अवघड असते, आणि त्याहून वाईट म्हणजे लोखंडाचा कीस खाली सांडतो. हा कीस बोर्डाच्या टर्मिनलांच्या मागे जाऊन बसला तर कधी आणि कुठे शॉर्ट होईल हे सांगता येत नाही. पेटीच्या पाठीमागे वायरी गेलेल्या असतील तर स्क्रूचे टोक त्यांनाही लागू शकते. प्लेटमुळे हे सगळे टेबलावर करता येते. प्लेट समोर ठेवायची, बोर्डाच्या छिद्रांशी जुळणारी प्लेटची छिद्रे शोधायची, नायलॉनचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे आधार, दाबून बसवायचे, त्यांवर बोर्ड बसवायचा आणि सगळा संच पेटीच्या जाळीत पिनांनी अडकवायचा. पुढे कधी बोर्ड बदलायचा झाला तर वायरी सोडवून प्लेटसकट तो बाहेर काढता येतो. प्लेटची छिद्रे इतकी दाट आहेत की नेहमीच्या आठ झोनच्या पॅनेलसाठी एकही नवे छिद्र पाडावे लागले नाही. झोन वाढवण्याचा छोटा बोर्ड लावताना मात्र चारपैकी तीनच टोके जुळली, आणि चौथ्या टोकाखाली चिकट पाठीचा आधार द्यावा लागला. स्टँडऑफची उंची मोजून घ्यावी. बोर्डाच्या मागे बाहेर आलेले सोल्डरचे टोकदार ठिपके आणि धातूची प्लेट यांच्यात पाच-सहा मिलिमीटर तरी हवा राहिलीच पाहिजे.

प्लेटची एक बाब तिच्या माहितीपत्रकात नाही आणि ती सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. बऱ्याच पॅनेलांमध्ये बोर्ड नायलॉनच्या आधारांवर बसतो, पण एका कोपऱ्यात धातूचा स्क्रू असतो, आणि तो स्क्रू बोर्डाचे अर्थिंग डब्याशी जोडतो. विजेच्या लहरींपासूनचे आणि स्थिर विजेपासूनचे संरक्षण याच वाटेने काम करते. मूळ डब्यात ही वाट कारखान्यातच ठरलेली असते. युनिव्हर्सल प्लेटवर मात्र पावडर-कोटिंगचा रंग असतो, तो रंग वीज वाहू देत नाही, आणि प्लेट स्वतः पेटीत प्लास्टिकच्या पिनांवर टांगलेली असते. म्हणजे स्क्रू घट्ट आवळला तरी बोर्ड अर्थपासून तुटलेलाच राहतो. यावर उपाय सोपा आहे. त्या स्क्रूखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घालावा आणि तिथून एक हिरवी वायर थेट पेटीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत न्यावी. मग मल्टिमीटरचे एक टोक बोर्डाच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे पेटीच्या उघड्या धातूला लावून वाचन शून्याच्या जवळ येते की नाही ते पाहावे. माझ्याकडच्या प्लेटवर रंग खरवडण्याआधी मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता, खरवडून, वॉशर घालून हिरवी वायर जोडल्यावर वाचन एका ओहमच्याही खाली आले. प्लेट प्लास्टिकची असेल तर ही हिरवी वायर हा एकमेव मार्ग उरतो.

बॅटरीपाशी आल्यावर पेटीच्या मर्यादा उघड होतात. घरगुती अलार्ममध्ये सर्वसाधारणपणे १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिची लांबी १५१ मिमी, जाडी ६५ मिमी आणि उंची ९४ मिमी, टर्मिनल धरून शंभराच्या आसपास. वजन दोन किलोंच्या वर. पेटीची आतली खोली ९० मिमीच्या आसपास असेल तर बॅटरी एकाच रीतीने बसते, ती म्हणजे तळाशी उभी, ६५ मिमीची बाजू खोलीच्या दिशेने. दुसरी कोणतीही बाजू खोलीच्या दिशेने ठेवली तर दार लागत नाही. बॅटरी तळाशीच असावी यालाही कारण आहे. ती फुगली किंवा तिच्यातून ओल आली तर ती बोर्डावर किंवा राउटरवर टपकू नये. या पेटीच्या तळाला बॅटरीसाठी कडा किंवा पट्टा नाही, म्हणून जाळीतल्या छिद्रांतून पट्टा ओवून ती बांधावी लागते. पट्टा रुंद, कापडी आणि बकलचा घ्यावा. बारीक केबल टायवर दोन किलोंचा भार वर्षानुवर्षे सोपवणे मला पटत नाही.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे अपेक्षित आयुष्य तीन ते पाच वर्षांचे असते आणि ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानासाठी धरलेले असते. त्यापुढे दर दहा अंशांच्या वाढीला आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला रूढ ठोकताळा आहे. वायरिंगच्या पेटीत राउटर, नेटवर्क स्विच, टीव्हीच्या सिग्नलचा ॲम्प्लिफायर आणि त्यांचे ॲडॉप्टर असे सगळे दिवसरात्र गरम होत असते, आणि दार बंद असते. अलार्मच्या मूळ डब्यात एकटा बोर्ड आणि बॅटरी असल्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. म्हणून या पेटीत गरम होणारे सामान वर, अलार्मचा बोर्ड मध्ये आणि बॅटरी तळाशी हा क्रम पाळावा, आणि दार जाळीचे किंवा खाचा असलेले घ्यावे. जादा चार्ज झाल्यावर या बॅटऱ्यांतून हायड्रोजन बाहेर पडू शकतो, तेव्हा हवा खेळती असण्याचे कारण केवळ उष्णतेचे नाही. या पेटीसोबत येणारे मूळ दार सपाट पत्र्याचे आहे आणि हवेशीर दार वेगळे मागवावे लागते. राउटर आत ठेवायचा असेल तर ते दार मी ऐच्छिक समजणार नाही.

वीज गेल्यावर अलार्म किती वेळ चालेल, याचा हिशेब पेटी बदलल्याने बदलत नाही, पण एकत्र बसवताना तो चुकण्याची शक्यता वाढते. पॅनेल, कीपॅड आणि हालचाल टिपणारे सेन्सर मिळून शांत अवस्थेत २५० मिलिअँपिअर घेत असतील तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर २८ तास चालते, प्रत्यक्षात त्याहून कमी. पेटीत जागा दिसली म्हणून त्याच बोर्डाच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलांवरून एखादा कॅमेरा किंवा छोटा स्विच चालवला आणि भार ६०० मिलिअँपिअरवर गेला, तर तीच बॅटरी बारा तासांच्याही आत संपते. बोर्डाचे सहायक टर्मिनल अलार्मच्या सामानासाठीच राखून ठेवावे.

ट्रान्सफॉर्मरबद्दल थोडक्यात. अनेक पॅनेले १६.५ व्होल्ट, ४० व्होल्ट-अँपिअरच्या प्लगमध्ये बसणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात. तो पेटीच्या बाहेर, ज्याला बटण नाही अशा सॉकेटमध्ये लावावा आणि त्याची बारीक वायरच आत आणावी. आत सॉकेट घ्यायचेच असेल तर ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनने, मुख्य विजेसाठीच्या वेगळ्या बंद कप्प्यात करायचे असते. या पेटीत त्यासाठी तळाशी ठोकून काढायची जागा दिली आहे, पण बॅटरीही तळाशीच ठेवायची असल्यामुळे दोघांची गर्दी होते, आणि मी ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवण्याचाच सल्ला देईन.

वायरींच्या बाबतीत पेटीची ऐसपैस जागा फायद्याची ठरते. मूळ डब्यात वायरींचा गुंता बोर्डावरच टेकलेला असतो. इथे प्रत्येक झोनची वायर बाजूने खाली आणून, एक-दीड वीत जादा लांबी ठेवून, नाव लिहून टर्मिनलापर्यंत नेता येते. पण याच ऐसपैस जागेमुळे एक आळस सुचतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. प्रत्येक झोनच्या टोकाला एक रेझिस्टर, म्हणजे रोधक, लागतो. हनीवेलच्या व्हिस्टा मालिकेतल्या अनेक पॅनेलांना २००० ओहमचा, डीएससीच्या पॉवरसीरीजला ५६०० ओहमचा, एल्कच्या एम१ला २२०० ओहमचा. हा रेझिस्टर सेन्सरपाशी असला पाहिजे. पेटीत जागा आहे म्हणून सगळे रेझिस्टर टर्मिनलांनाच आवळून टाकलेले दिसतात, आणि पॅनेलही तक्रार करत नाही. तक्रार करत नाही हाच धोका आहे. रेझिस्टर पेटीत असेल तर वाटेत कुठेही झोनच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, खिळ्याने असो वा कोणी मुद्दाम चिकटवल्या असोत, पॅनेलला रेझिस्टर दिसतच राहतो आणि दार उघडले तरी ते बंदच आहे असे त्याला वाटते. तोच रेझिस्टर सेन्सरपाशी असता तर तारा चिकटताक्षणी वाचन शून्यावर आले असते आणि बिघाड नोंदला गेला असता.

सायरनच्या वायरीकडेही लक्ष हवे. वायरिंगची पेटी सहसा घराच्या एका कोपऱ्यात, कपाटात किंवा तळघरात असते, आणि सायरन दूर असतो. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. २२ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला ५३ ओहम असतो, १८ गेजचा २१ ओहम. सायरन ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार झाली, म्हणजे २२ गेजमध्ये साधारण ३.२ ओहम. एक अँपिअर घेणाऱ्या सायरनसाठी एवढ्या वाटेत तीन व्होल्टांहून अधिक दाब खर्ची पडतो आणि १२ व्होल्टांपैकी नऊही उरत नाहीत. १८ गेज वापरली तर हीच घट सव्वा व्होल्टावर येते. सेन्सरांना २२ गेज उत्तम चालते, सायरनला जाडच तार द्यावी. मुख्य विजेच्या वायरींपासून या सगळ्या वायरी फूटभर तरी लांब ठेवाव्यात, आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडाव्यात.

बिनतारी सेन्सर असतील तर धातूची पेटी हा चुकीचा निर्णय ठरू शकतो. हनीवेलचे ५८०० मालिकेतले सेन्सर ३४५ मेगाहर्ट्झवर, डीएससीचे अनेक सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. या लहरींची लांबी अनुक्रमे ८७ आणि ६९ सेंटीमीटर, आणि दार-चौकटीतल्या मिलिमीटरभर फटीतून त्या नीट आत शिरत नाहीत. रिसीव्हर आत ठेवून दार उघडे असताना घेतलेली चाचणी म्हणून फसवी असते. सगळे सेन्सर ठणठणीत दिसतात आणि दार लावल्यावर लांबच्या खोलीतला एखादा हरवतो. चाचणी नेहमी दार लावून, स्क्रू आवळून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे रिसीव्हर चार तारांवर पेटीबाहेर, भिंतीवर उंच लावावा, आणि मोबाइल नेटवर्कवरून निरोप पाठवणाऱ्या कम्युनिकेटरचा अँटेना वायरीने बाहेर काढावा. याच कारणासाठी आता एबीएस प्लास्टिकच्या पेट्याही मिळतात आणि वाय-फाय राउटर आत ठेवणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात. अलार्म पूर्णपणे वायरीचा असेल तर मी धातूचीच निवडेन. बिनतारी असेल तर प्लास्टिकची घ्यावी, किंवा रेडिओ बाहेर काढावा.

निरोप बाहेर पोहोचवण्याच्या वाटेवर एकत्रीकरणाचा फायदा स्वच्छ दिसतो. लँडलाइन असलेल्या घरात आरजे-३१एक्स नावाचा जॅक लागतो. टेलिफोनची लाइन आधी अलार्मच्या पॅनेलमधून जाते आणि मग घरातल्या फोनांकडे, त्यामुळे संकटाच्या वेळी कोणी फोनवर बोलत असले तरी पॅनेल ती लाइन ताब्यात घेऊ शकते. टेलिफोनचे वाटपच पेटीत असल्याने हा जॅक लावायला दुसरी जागा शोधावी लागत नाही. तो दिसायला नेटवर्कच्या जॅकसारखाच असतो, म्हणून त्यावर ठळक चिठ्ठी हवी, नाहीतर पुढे कोणीतरी त्यात नेटवर्कची केबल खुपसेल. इंटरनेटवरून निरोप जाणाऱ्या पॅनेलला वीतभर केबल पुरते. पण इथे लक्षात घ्यावे की पॅनेलला बॅटरी आहे, राउटरला नाही. वीज गेली की पॅनेल जागे राहते आणि त्याची वाट बंद होते. राउटर आणि मोडेम छोट्या यूपीएसवर घ्यावेत, किंवा मोबाइल नेटवर्कची दुसरी वाट ठेवावी.

आता ज्या मुद्द्यावर या जोडीला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही तो, म्हणजे दार. अलार्मच्या मूळ डब्याला किल्लीचे कुलूप असते आणि दार उघडल्याचे सांगणारा टॅम्पर स्विच बसवायची सोय असते. या पेटीच्या दाराला दोन फिरक्या आहेत, ज्या नाण्यानेही फिरतात. आत बॅटरीची लाल वायर समोर, ट्रान्सफॉर्मरची वायर समोर, राउटरची केबल समोर. ज्याला अलार्म गप्प करायचा आहे त्याला पेटी कुठे आहे एवढे माहीत असणे पुरते. शिवाय त्या पेटीशी अनेकांचा संबंध येतो, इंटरनेट दुरुस्त करायला येणारा तंत्रज्ञ, केबलवाला, घरातली मुले. वाईट हेतू कोणाचाच नसला तरी चुकीची वायर ओढली जाऊ शकते. कुलपाचा संच या पेटीसाठी वेगळा मिळतो, पण बसवण्याच्या पत्रकात तो शेवटच्या पानावर, जोडसामानाच्या यादीत आहे. माझ्या दृष्टीने तो पेटीबरोबरच यायला हवा होता.

टॅम्पर स्विच मात्र हाताने लावता येतो आणि तो न लावता अलार्म या पेटीत बसवू नये, इतके हे मला महत्त्वाचे वाटते. दाबून बंद होणारा छोटा प्लंजर स्विच चौकटीच्या आतल्या कडेवर एल आकाराच्या पट्टीने लावला, दार बंद झाल्यावर तो पुरता दाबला जातो ना हे पाहिले, आणि त्याच्या दोन तारा चोवीस तास जागा राहणाऱ्या वेगळ्या झोनला दिल्या की अलार्म बंद असतानाही दार उघडल्याची नोंद होते. पट्टीची जागा ठरवताना एक बारकावा सांभाळावा लागतो. या पेटीचे दार पत्र्याचे आणि रुंद असल्याने मध्यभागी किंचित लवते. स्विच बिजागरीच्या बाजूला लावला तर तो दार बरेच उघडेपर्यंत सुटत नाही, आणि मध्यभागी लावला तर दारावर हात टेकला तरी हलतो. फिरकीच्या जवळ, मोकळ्या कडेला लावल्यावर तो दार बोटभर उघडताच सुटू लागला. तंत्रज्ञ येण्यापूर्वी कीपॅडवरून हा झोन तात्पुरता वगळायचा आणि गेल्यावर पुन्हा घ्यायचा, ही सवय घरातल्या सर्वांना लावावी लागते. मूळ डबा वेगळा असता तर ही कसरत टळली असती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

प्रमाणपत्राचा मुद्दाही टाळता येण्यासारखा नाही. घरफोडीच्या अलार्मसाठी यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचे यूएल १०२३ आणि घरगुती आगीच्या इशाऱ्यासाठी यूएल ९८५ ही मानके आहेत, आणि प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे नुसत्या बोर्डाला नसते, निर्मात्याने सांगितलेल्या डब्यासकट, ट्रान्सफॉर्मरसकट पूर्ण जोडणीला असते. तो बोर्ड निर्मात्याच्या यादीत नसलेल्या पेटीत हलवला की प्रमाणपत्राची अट मोडते. विमा कंपनी किंवा अलार्मचे निरोप घेणारे निरीक्षण केंद्र प्रमाणित जोडणी मागत असेल तर त्यांना आधी लेखी विचारून घ्यावे. धुराचे सेन्सर याच पॅनेलला जोडलेले असतील तर माझे मत आणखी कडक आहे. तिथे बोर्ड त्याच्या मूळ डब्यातच राहू द्यावा, तो डबा वायरिंगच्या पेटीशेजारी लावावा आणि दोहोंमध्ये छोटा पाइप टाकून वायरी न्याव्यात. झोनच्या वायरी तरीही एकाच जागी येतात, राउटरही जवळच राहतो, आणि कुलूप, टॅम्पर, अर्थिंग, प्रमाणपत्र हे चारही प्रश्न मुळातच उद्भवत नाहीत. भिंतीवर एक डबा जास्त दिसतो, एवढीच किंमत.

तेव्हा प्लेटबद्दल मी समाधानी आहे, पेटीबद्दल अटींवर. केवळ घरफोडीचा, वायरीच्या सेन्सरांचा, एका विस्तार बोर्डापर्यंतचा अलार्म असेल, पेटी कुलूप लागणाऱ्या कपाटात किंवा खोलीत असेल आणि बसवणारा अर्थची वायर, बॅटरीचा पट्टा आणि टॅम्पर स्विच ही तीन कामे स्वतः पूर्ण करणार असेल, तर ही जोडी घ्यायला हरकत नाही. घर बांधत असतानाच निर्णय होत असेल तर २८ ऐवजी ४२ इंची पेटी घ्यावी. २८ इंचांत अलार्मचा बोर्ड, विस्तार बोर्ड आणि बॅटरी बसल्यावर नेटवर्कसाठी वरचा एक तृतीयांश भागच उरतो, आणि भिंतीचे प्लास्टर झाल्यावर पेटी मोठी करता येत नाही. प्लेट आणि हवेशीर दार त्याच कंपनीचे मागवावे, कुलपाचा संच त्या विशिष्ट दाराला बसतो का ते क्रमांक जुळवून पाहावे, आणि हे सगळे सामान हातात आल्यावरच भिंतीत पेटी पक्की करावी.